कलकत्त्याच्या मैदानावरील गुरुशोध

एखाद्या शहराची ओळख तेथील देवळें, पूल आणि पदार्थसंग्रहालयें पाहिल्यानें होते, असा आपल्याकडील बहुतेक प्रवासी मंडळींचा समज असतो. आमचें मत थोडें निराळें आहे. ज्या गोष्टीवरून त्या शहरांतील शहाणीसुरतीं माणसें एकमेकांशीं तावातावानें भांडतात, आणि भांडण अर्ध्यावर टाकून एकाच किटलींतला चहा पितात, ती गोष्ट सांपडली म्हणजे त्या शहराचें मर्म सांपडलें असें समजावें. पुण्यांत असे विषय किती आहेत हें वाचकांस सांगावयास नको. कलकत्त्यांत असा विषय मुख्यतः एकच, आणि तो म्हणजे फुटबॉल. त्यांतही सामना कोणी जिंकला ह्यापेक्षां, आपल्या संघास यापुढें शिकवावयास कोणी यावें, ह्या प्रश्नावर तेथील मनुष्य जितका रंगतो तितका दुसऱ्या कशावरही रंगत नाहीं. सारा जन्म शिकविण्यांत घालविलेल्या माणसास ह्या प्रश्नाचें कुतूहल वाटावें हें स्वाभाविकच होय. म्हणून तेथें जें पाहिलें व ऐकलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त कलकत्त्यास असतो. त्याच्या आग्रहावरून, घरचे घट धाकट्या बंधूंच्या स्वाधीन करून, २०२४ सालच्या नवरात्राच्या आरंभीं आम्ही उभयतां तिकडे गेलों. गल्लोगल्लीं दुर्गापूजेचे मंडप उभे राहत होते. कोठें बांबूंचे सांगाडे, कोठें त्यांवर चढविलेलें कापड, कोठें अर्धवट रंगविलेली महिषासुराची मूर्ति. "काका, मंडप काय, रात्रीं पाहूं, आधीं मैदान पाहा," असें म्हणून पुतण्या आम्हांस तिसऱ्या प्रहरीं घराबाहेर घेऊन निघाला.

'मैदान' हा शब्द कलकत्त्यांत सामान्यनाम नसून विशेषनाम आहे. पश्चिमेस हुगळी नदी, पूर्वेस चौरंगीचा रस्ता, मध्यें फोर्ट विल्यमचा किल्ला, आणि त्याच्या भोंवतीं पसरलेली विस्तीर्ण हिरवळ. किल्ल्यावरील तोफांना मोकळा मारा करतां यावा म्हणून इंग्रजांनीं ही जागा उघडी राखली. आजही ती सैन्याच्या ताब्यांत असून तेथें मनास येईल तशी पक्की इमारत उठवितां येत नाहीं. म्हणून फुटबॉलच्या क्लबांचीं ठाणीं अद्यापि 'तंबू' ह्याच नांवानें ओळखलीं जातात. नांव तंबूचें असलें तरी आंत कचेरी आहे, चषकांचीं कपाटें आहेत, आणि सभासदांच्या खाण्यापिण्याचीही सोय आहे. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल ह्या दोन जन्मवैऱ्यांचे तंबू एकमेकांपासून हांकेच्या अंतरावर आहेत, हें पाहून आम्हांस गंमत वाटली. कौरव-पांडवांचे शिबिरांतील तंबू तरी याहून दूर असतील!

ह्या दोन क्लबांची हकीकत थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. मोहन बागानची स्थापना १८८९ सालची. १९११ च्या जुलै महिन्याच्या २९ तारखेस ह्या संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या गोऱ्या शिपायांना दोन विरुद्ध एक अशा गोलांनीं हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरा गड्यांपैकीं दहा जण अनवाणी खेळले होते. वंगभंगाच्या जखमा ताज्या असतांना मिळालेला तो विजय केवळ चेंडूचा राहिला नाहीं. ईस्ट बंगालचा जन्म १९२० सालचा, आणि तो एका निवडीच्या भांडणांतूनच झाला. जोडाबागान क्लबनें मोहन बागानविरुद्धच्या सामन्यांतून शैलेश बोस ह्या पूर्व बंगाली खेळाडूस वगळलें. त्या क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी ह्यांस तें सहन झालें नाहीं. ते बाहेर पडले आणि कांहीं मंडळींसह त्यांनीं १ ऑगस्ट रोजीं नवा क्लब काढला. पुढें फाळणी झाली, पद्मेच्या पलीकडून लक्षावधि माणसें घरदार सोडून आलीं, आणि ज्यांना ह्या शहरांत स्वतःचें असें कांहींच उरलें नव्हतें त्यांना हा लाल-पिवळा झेंडा तेवढा आपला वाटला. पश्चिमेकडील मूळचे ते 'घोटी', पूर्वेकडून आलेले ते 'बांगाल'. मोहन बागान जिंकलें कीं बाजारांत कोळंबीचा भाव चढावा, ईस्ट बंगाल जिंकलें कीं हिलसा माशाचा, अशी तेथील रीत. आम्हां शाकाहाऱ्यांना दोन्ही भाव सारखेच. मात्र हे कप्पे दिसतात तितके बंद नाहींत. मोहन बागानचा कीर्तिस्तंभ मानला गेलेला गोष्ठ पाल हा जन्मानें फरीदपूरचा, म्हणजे पूर्व बंगालचाच!

आम्ही तेथें गेलों त्याच आठवड्यांत ईस्ट बंगालची गादी रिकामी झाली होती. कार्लेस क्वाद्रात ह्या स्पॅनिश प्रशिक्षकानें ३० सप्टेंबर रोजीं पद सोडलें होतें. त्याच वर्षाच्या जानेवारींत ह्याच गृहस्थानें भुवनेश्वर येथें ओडिशाच्या संघास तीन विरुद्ध दोन गोलांनीं हरवून सुपर कप मिळवून दिला होता. बारा वर्षांनंतर घरीं आलेला तो पहिला राष्ट्रीय चषक. परंतु नव्या हंगामांतील इंडियन सुपर लीगचे पहिले तीनही सामने संघानें गमावले, आणि जानेवारींतील जयजयकार सप्टेंबरांत विरून गेला. २०२० मध्यें ह्या लीगमध्यें उतरल्यापासून चार वर्षांत रॉबी फाउलर, मानोलो दीआस, मारिओ रिवेरा, स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि क्वाद्रात असे पांच परदेशी प्रशिक्षक येऊन गेले; संघाचा क्रमांक मात्र नववा, अकरावा, नववा, नववा. आतां सहावा कोण?

ईस्ट बंगालच्या तंबूबाहेर एका चहावाल्यापाशीं सात-आठ जण ह्याच प्रश्नाचा कीस काढीत उभे होते. पुतण्याची त्यांच्याशीं ओळख होती. आम्ही निवृत्त शिक्षक आहों असें कळतांच "या, मास्टरमोशाय," म्हणून त्यांनीं बांकावर जागा करून दिली, मातीच्या इवल्या भांड्यांतला चहा हातीं दिला, आणि क्षणभर थांबलेला वाद पुनश्च सुरू झाला. अर्धा बंगालींत, अर्धा हिंदींत. आमच्या संस्कृताच्या शिदोरीवर बंगालीही बरीचशी कळली.

एका तरुणाचें म्हणणें असें कीं, परदेशी प्रशिक्षकावांचून गत्यंतर नाहीं, परंतु तो हिंदुस्थानांत पूर्वीं राहिलेला असावा. येथील उकाडा, येथील चिखल आणि येथील खेळाडूंची मनें ह्यांचा अभ्यास करण्यांतच नवख्याचें पहिलें वर्ष जातें. टॅक्सी चालविणाऱ्या एका गृहस्थास हें मान्य नव्हतें. बिनो जॉर्ज हा केरळी प्रशिक्षक क्लबमध्येंच होता आणि तूर्त संघ त्याच्याच हवालीं होता. मुलें त्यास ओळखतात, त्याचें बोलणें त्यांना दुभाष्यावांचून समजतें, मग घरच्या माणसास डावलून परका कशास, असा त्याचा सवाल. महाविद्यालयांत शिकविणाऱ्या एक बाई आतांपर्यंत गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "खेळाडू विकत घेतो एक, त्यांना शिकवितो दुसरा, आणि हरल्यावर जातो तो शिकविणाराच. विद्यार्थी निवडण्यांत ज्याचा हात नाहीं त्यास निकालाबद्दल फांशी कां?" ह्यावर बराच गलका झाला. सर्वांत वृद्ध गृहस्थ, जे वडिलांच्या कडेवर बसून बारिसालहून आलेले होते, त्यांचा आग्रह एवढाच कीं, येणारा कोणत्याही देशाचा असो, मोहन बागानविरुद्धचा सामना म्हणजे काय हें त्यास सांगावें लागतां कामा नये.

हा वाद ऐकतांना आम्हांस राहून राहून 'मालविकाग्निमित्रा'ची आठवण होत होती. त्या नाटकाच्या पहिल्या अंकांत गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य, आपणां दोघांत श्रेष्ठ कोण, म्हणून भांडत राजापुढें येतात. परिव्राजिका कौशिकी पंच होते, आणि आचार्यांची परीक्षा त्यांच्या शिष्यांवरून करावी असें ठरतें. स्वतःस विद्या येणें निराळें आणि ती दुसऱ्याच्या अंगीं उतरविणें निराळें. दोन्ही ज्याच्या ठायीं असतील तो गुरूंमध्यें अग्रगण्य, अशी तिची कसोटी. परंतु नाटक लक्षपूर्वक वाचणारास ठाऊक आहे कीं, ती परीक्षा मुळीं गुरूंसाठीं नव्हतीच. राजाच्या दृष्टीस मालविका पडावी म्हणून विदूषकानें रचलेला तो डाव होता. गणदासाची शिष्या नाचून गेली, माध्यान्ह झाली म्हणून सभा उठली, आणि बिचाऱ्या हरदत्ताची पाळी राहूनच गेली.

कलकत्त्यानें हा प्रवेश आपल्या मैदानावर प्रत्यक्ष पाहिलेला आहे. प्रदीपकुमार बॅनर्जी आणि अमल दत्त हे तेथील दोन थोर आचार्य. बॅनर्जी हे १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्यें भारतीय संघाचे नायक होते आणि १९६२ मध्यें जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघांतील वीर. खेळाडू म्हणून ते ईस्टर्न रेल्वेकडून खेळले, ह्या दोन क्लबांपैकीं एकाकडूनही नव्हे. तरी प्रशिक्षक म्हणून दोघांनाही त्यांनीं वैभवास चढविलें. १९७५ च्या शील्डच्या अंतिम सामन्यांत ईस्ट बंगालनें मोहन बागानवर पांच गोल चढविले तेव्हां गुरु तेच. पुढच्याच वर्षीं ते मोहन बागानकडे गेले, आणि १९७७ सालीं त्या संघानें शील्ड, ड्युरंड व आमच्या मुंबईचा रोव्हर्स असे तीन चषक एकाच हंगामांत मिळविले. खेळण्यापूर्वीं गड्यांच्या अंगांत वीरश्री भरणारें त्यांचें बोलणें 'व्होकल टॉनिक' म्हणून प्रसिद्ध होतें. अमल दत्त ह्यांची प्रकृति निराळी. त्यांनीं इंग्लंडांत जाऊन प्रशिक्षणाचें रीतसर शिक्षण घेतलें आणि हा धंदा पोटापाण्याचा मुळीं नसतांना तोच पूर्ण वेळ पत्करला. विलायती सामन्यांच्या फिल्म लोकांना दाखवीत ते गांवोगांव हिंडत. एक वाणीचा उपासक, दुसरा आकृतीचा.

१९९७ च्या जुलै महिन्याच्या १३ तारखेस फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यांत हे दोघे समोरासमोर आले. दत्त मोहन बागानचे, बॅनर्जी ईस्ट बंगालचे. दत्तांनीं त्या हंगामांत हिऱ्याच्या आकाराची नवी व्यूहरचना बसविली होती आणि तिच्या भरवशावर प्रतिपक्षाच्या खेळाडूंची जाहीर थट्टाही आरंभिली होती. बॅनर्जींनीं ती थट्टाच औषध म्हणून आपल्या मुलांना पाजली असें लोक सांगतात. सॉल्ट लेकच्या क्रीडांगणावर त्या दिवशीं १ लक्ष ३१ हजारांहून अधिक माणसें जमलीं. भाईचुंग भुतिया ह्या सिक्कीमच्या तरुणानें तीन गोल केले आणि ईस्ट बंगालनें चार विरुद्ध एक असा विजय मिळविला. हिरा फुटला, असें म्हणून बांगाल मंडळी आजही मिशांवर ताव देतात. परंतु हा उपांत्य सामना होता. अंतिम सामन्यांत ईस्ट बंगालला हरवून तो चषक गोव्याच्या साळगांवकर संघानें नेला, हें सांगतांना चहावाल्याभोंवतींचे सर्वच जण थोडे खालीं पाहूं लागले. गुरूंची परीक्षा पाहण्याच्या भरांत परीक्षा कशासाठीं होती तेंच विसरून जावें, हा प्रकार कालिदासाच्या काळापासून चालत आलेला आहे.

गोव्याचें नांव निघालें म्हणून आणखी एक गोष्ट. डेंपो संघास पांच वेळां राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे गोव्याचे आर्मांडो कुलासो ह्यांस ईस्ट बंगालनें २०१३ मध्यें बोलावून घेतलें. त्या हंगामांत संघ आय-लीगमध्यें दुसरा आला. परंतु २०१५ च्या आरंभीं कुलासोही गेले. पश्चिम किनाऱ्यावर वर्षानुवर्षें एकाच ठिकाणीं राहून ज्यानें घडविलें, त्यास पूर्वेकडे पुरतीं दोन वर्षेंही लाभलीं नाहींत. कोल्हापुरांत फुटबॉलचे संघ तालमींच्या नांवानें खेळतात. तालमींतला वस्ताद एका हरलेल्या कुस्तीनें बदलीत नसत, हें जुन्या मंडळींस स्मरत असेल.

आतां एखादा वाचक विचारील, चेंडूच्या खेळाला एवढें महत्त्व देणें सुजाण लोकांस शोभतें काय? ह्या प्रेमाला काळी बाजू आहे हें खरें. १६ ऑगस्ट १९८० रोजीं ईडन गार्डन्सवर ह्याच दोन संघांच्या सामन्यांत प्रेक्षकांची दंगल होऊन १६ जणांचे प्राण गेले. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आम्ही गेलों त्याच्या दोन महिन्यांपूर्वीं, ऑगस्ट २०२४ मध्यें, तेथील एका सरकारी रुग्णालयांत एका तरुण स्त्री-डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली, आणि सारें शहर हादरलें. १८ ऑगस्टचा मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना बंदोबस्ताच्या कारणास्तव रद्द करण्यांत आला. तेव्हां दोन्ही संघांचे चाहते, घरीं न बसतां, त्या बंद क्रीडांगणाबाहेर एकत्र जमले आणि आपले झेंडे शेजारीं शेजारीं धरून त्या मुलीसाठीं न्याय मागूं लागले. मोहमेडन स्पोर्टिंगचे चाहतेही त्यांना मिळाले. चहावाल्यापाशीं भांडणाऱ्या त्या बाईही त्या दिवशीं तेथें होत्या. शंभर वर्षें एकमेकांशीं भांडलेल्या माणसांना एकमेकांची भाषा चांगली येते, असें त्यांनीं आम्हांस सांगितलें.

आणि तरीही, प्रशिक्षक कोण यावा हें ठरविण्यांत ह्यांच्यापैकीं एकाचाही हात नव्हता. पूर्वीं सभासद कार्यकारी मंडळ निवडीत आणि मंडळ प्रशिक्षक नेमी. निदान आडवळणानें कां होईना, शब्द पोहोंचत असे. अलीकडे हा खेळ कोट्यवधि रुपयांचा झाला, एकट्या क्लबला तो झेपेना, म्हणून दोन्ही क्लबांच्या फुटबॉलमध्यें मोठ्या उद्योगसंस्था भागीदार म्हणून आल्या. पैशावांचून संघ उभा राहत नाहीं, हें तेथील प्रत्येकास मान्य आहे. परंतु क्लब कोणाचा, हा प्रश्न त्यामुळें मिटला नाहीं. तेव्हांच्या भागीदाराशीं करावयाच्या करारावरून जुलै २०२१ मध्यें ईस्ट बंगालचे चाहते ह्याच तंबूसमोर जमले आणि पोलिसांच्या लाठ्या खाऊन परतले. मोहन बागानच्या नांवाला जोडलेलीं परकीं अक्षरें काढावीं म्हणून त्या चाहत्यांनीं वर्षानुवर्षें मागणी केली, तेव्हां २०२३ मध्यें तीं निघालीं, आणि त्यांच्या जागीं दुसरीं आलीं. ज्यास मत देण्याचा हक्क नाहीं त्याचें मत अधिक मोठ्यानें बोललें जातें. चहावाल्यापाशींच्या त्या आवाजाचें कारण आम्हांस येथें समजलें.

बारिसालचे वृद्ध गृहस्थ अखेर आमच्याकडे वळून म्हणाले, "मास्टरमोशाय, आपण चाळीस वर्षें शिकविलें. आपला वर्ग तीन परीक्षांत नापास झाला तर मास्तर बदलावा कीं नाहीं?"

आम्हीं सांगितलें, "वर्षाच्या मध्यावर मास्तर बदलला तर नुकसान मास्तराचें होत नाहीं, वर्गाचें होतें. नव्या मास्तराचे पहिले दोन महिने मुलांचीं नांवें पाठ करण्यांत जातात. मास्तर कच्चा असेल तर नेमतांना पाहावें; एकदां नेमला कीं वार्षिक परीक्षेपर्यंत थांबावें."

गृहस्थांनीं मान डोलविली, चहाचें रिकामें भांडें पायाशीं ठेवलें, आणि म्हणाले, "आपण म्हणतां तें शाळेला लागू आहे. शाळेंतला मास्तर दुसऱ्या शाळेंत जातो, मुलगा वरच्या वर्गांत जातो. आमच्याकडे प्रशिक्षक जातो, खेळाडू जातो, मालकही जातो. आम्ही मात्र जन्मभर त्याच बांकावर बसलेले असतों. आम्हीं वार्षिक परीक्षेची वाट किती वर्षें पाहावी?"

ह्यावर द्यावयास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. संघाचें तोपर्यंतचें शेवटचें राष्ट्रीय लीग विजेतेपद २००३-०४ चें. तेव्हां जन्मलेलीं मुलें आज वीस वर्षांचीं होऊन त्या बांकाभोंवतीं उभीं होतीं, आणि जो विजय त्यांनीं पाहिला नाहीं तो परत आणून देणारा गुरु मागत होतीं.

पुढें काय झालें तेंही सांगून टाकतों. ८ ऑक्टोबर रोजीं ऑस्कर ब्रुझों ह्या स्पॅनिश गृहस्थांची नेमणूक जाहीर झाली. ते पूर्वीं गोव्यांत स्पोर्टिंग क्लबाकडे होते आणि नंतर अनेक वर्षें ढाक्याच्या बसुंधरा किंग्ज संघाचे गुरु. पद्मेपलीकडून आलेल्यांच्या क्लबास पद्मेपलीकडूनच प्रशिक्षक मिळाला, म्हणून वृद्ध गृहस्थांनीं पुतण्यास मुद्दाम निरोप धाडला. १९ तारखेस मोहन बागाननें त्यांच्या संघास दोन गोलांनीं हरविलें. त्याच महिन्याच्या २९ तारखेस भूतानांत, आशियाई स्पर्धेंत, ह्याच संघानें बसुंधरा किंग्जवर, म्हणजे नव्या गुरूंच्या जुन्या शिष्यांवर, चार गोल केले. हंगामाच्या अखेरीस लीगमधील क्रमांक मात्र पुन्हा नववाच राहिला. त्याच हंगामांत मोहन बागानला शील्ड आणि कप दोन्ही मिळवून देणारे होसे मोलिना, त्यांनाही २०२५ च्या नोव्हेंबरांत पद सोडावें लागलें. हरणाराची नोकरी टिकत नाहीं हें आम्ही समजूं शकतों. जिंकणाराचीही टिकूं नये, हें मात्र आमच्या शाळाखात्यांतील आकलनापलीकडचें आहे.

पुतण्याचें पत्र येतें त्यांत घरच्या खुशालीनंतर एक ओळ त्या बांकाविषयीं असते. बाई अजून खेळाडूंच्या खरेदीवर बोलतात. टॅक्सीवाले केरळच्या बाजूनेंच आहेत. वृद्ध गृहस्थांना जिने चढवत नाहींत, तरी सामन्याच्या दिवशीं नातवाचा हात धरून ते मैदानावर येतात. नातू नऊ वर्षांचा आहे, आणि पुढील प्रशिक्षक कोण असावा ह्याविषयीं त्याचें मत आतांच पक्कें झालेलें आहे.